ढवळ्याचा रविवारचा वर्ग

आबांचा आवाज किती मोठा होता हे धायरीत कोणाला सांगावं लागत नसे. आमच्या गच्चीवरून त्यांनी हाक दिली की ओढ्यापलीकडं विटा उतरवणारी माणसं हातातलं काम थांबवून मान वर करायची. घरात तर ते साधं पाणी मागायचे तरी शेजारच्या बिल्डिंगमधलं कोणीतरी खिडकी लावून घ्यायचं. शेतं विकून झाली होती, उरलेल्या तुकड्यावर आम्ही दुमजली घर बांधलं होतं आणि चारी बाजूंनी उंच इमारती येत होत्या. पण आबा अजून शिवारात उभं राहून बोलावं तसेच बोलायचे. आई म्हणायची, "हितं भिंती हायत आता, जरा हळू." आबा तेवढ्याच आवाजात विचारायचे, "कुठं हायत भिंती?"

ढवळ्या हा आमचा कुत्रा. शेजारच्या बांधकामावर वाळूच्या ढिगात जन्मलेला, पांढरा, एका कानावर फक्त तपकिरी डाग. आमची शेवटची बैलजोडी विकली त्यातल्या एका बैलाचं नाव ढवळ्या होतं आणि आबांनी तेच नाव पिल्लाला देऊन टाकलं. कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणींना हे नाव सांगायची मला लाज वाटायची. त्यांच्याकडं ब्रूनो आणि कोको होते. ढवळ्याला साखळीची फारशी सवय नव्हती, कारण तशी गरज क्वचितच पडायची. तो ओढ्यापर्यंत भटकायचा आणि आबांनी गच्चीवरून "ढवळ्याऽऽ" म्हटलं की जिथं असेल तिथून धूळ उडवत यायचा. मी किंवा आई हाक मारायचो तेव्हा तो आमच्याकडं बघायचा, आम्ही आहोत याची खात्री करून घ्यायचा आणि पुन्हा हुंगायला लागायचा. त्यात त्याची चूक नव्हती. मी त्याला बहुतेक वेळा अंघोळीसाठी बोलवायचे आणि आई बांधून घालण्यासाठी.

मग आबांचा घसा बसला. हवा बदलली असेल, बिड्या कमी करा, काढा घ्या, असं करता करता बरेच दिवस गेले आणि शेवटी डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायला सांगितलं. ते दिवस मी इथं लिहीत नाही, कारण दवाखाना सगळ्यांचा सारखाच असतो. आबा घरी आले तेव्हा त्यांच्या गळ्याला पुढच्या बाजूला एक भोक होतं, श्वास तिथून चालायचा आणि त्यावर आई सुती रुमाल बांधायची. तोंडातून हवा येत नसल्यामुळं आवाज नाही, कुजबुजही नाही. फक्त ओठ हलायचे. घर इतकं शांत झालं की फ्रिज चालू-बंद होताना कळायचा. काही हवं असलं की आबा स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायचे, आणि आई स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन त्यांचे ओठ वाचायची.

आई त्यांची दुभाषी झाली, पण भलती मनमोकळी. आबांचे ओठ चार वेळा हलले की ती दहा वाक्यं बोलायची. भेटायला आलेल्या माणसाला ती सांगायची, "ते म्हनत्यात, तुम्ही आलात लई बरं वाटलं, च्या घेऊन जावा, आन पोरीच्या लग्नाचं काय झालं?" आणि तिच्या मागं आबा जोरजोरात मान हलवत असायचे, की मी असलं काही म्हणालो नाही. जेवणही तीच ठरवायची. भाकरी दुधात कुस्करून, मऊ भात, पातळ पिठलं. त्यांना वास येणं बंद झालं होतं, कारण नाकातून हवाच जात नव्हती. आई मिरच्या भाजायची तेव्हा आम्ही दोघी शिंकायचो आणि आबा मख्खपणे पेपर वाचत बसायचे. त्या वेळी मला ते विनोदी वाटायचं. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयापुढं गेलं आहे, आणि घरात फोडणी पडल्याचं ज्याला कळत नाही त्या माणसाची भूक कशी असेल, हा विचार आता येतो.

एका सकाळी आबा गच्चीवर गेले. मी कपडे वाळत घालत होते. खाली ढवळ्या गेटपाशी उभा होता. आबांनी कठड्यावर हात टेकले, छाती भरून घेतली आणि हाक मारली. म्हणजे हाकेचं सगळं केलं. तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण बाहेर आली ती रुमालाखालून नुसती हवेची फुस्स. ढवळ्यानं वरही पाहिलं नाही, गेट ढकललं आणि निघून गेला. आबा खाली जाऊन कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडले. त्यानंतर ते गच्चीवर आले नाहीत, आणि हळूहळू दारातही येईनासे झाले.

ढवळ्या मात्र मोकाट सुटला. समोरच्या नव्या सोसायटीत अमरावतीकडचे वानखेडे राहायला आले होते, आयटीत नोकरी, घरी लहान मुलगी. ढवळ्या तिच्या सायकलमागं धावला. चावला नाही, नुसता धावला, पण मुलगी पडली. वानखेडे आमच्या दारात आले. भांडखोर माणूस नव्हता तो, उलट बोलताना त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं.

"काकू, कुत्र्याले बांधून ठेवत जा ना जी. लेकरू घाबरते. आता सोसायटीवाले म्हणून राहिले का गाडी बोलवा आन उचलून न्या."

आई म्हणाली, "बांधते." पण बांधलेला ढवळ्या दिवसभर रडायचा. शेवटी आईनं ठरवलं की त्याला मामाच्या मळ्यावर, सासवडकडं सोडायचं. आबांना विचारलं तर त्यांचे ओठ हललेच नाहीत. ते त्यांचं गप्प बसणं मला सहन झालं नाही. मी म्हटलं, मी शिकवून आणते त्याला, कुत्र्यांचे क्लास असतात.

"कुत्र्याला कलास?" आई म्हणाली. "तुझ्या बारावीला लावला तेवढा बास न्हाय का?" पण दुसऱ्या दिवशी वाघोलीला जायला माझ्याबरोबर बसमध्ये तीच येऊन बसली. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला आम्ही गेलो. एका गोडाऊनच्या मागं पिंजरे होते आणि लष्करी रंगाची पँट घातलेला एक माणूस होता. त्यानं सांगितलं, कुत्रा इथं सोडून जायचा, सहा आठवड्यांनी घेऊन जायचा, मशीनसारखा चालेल. दाखवण्यासाठी त्यानं एक मोठा शेफर्ड बाहेर काढला, लांब नेऊन बसवला आणि गरजला, "कम!" कुत्रा आला. सरळ आला, पण पोट जमिनीला घासत, शेपूट पायांत घालून, आणि पायाशी येताच डोळे मिटून बसला. गळ्यात काट्यांचा पट्टा होता.

"आवाजात दम पाहिजे," तो माणूस म्हणाला. "घरात कोण घेणार कमांड?"

आईनं त्या कुत्र्याकडं बघितलं आणि पदर खांद्यावरून घेतला. "आमच्या घरात आता वरडनारं मानूसच न्हाय राहिलं," ती म्हणाली. "चल गं." येताना बसमध्ये ती वाटभर खिडकीबाहेर बघत होती. स्वारगेट आल्यावर एवढंच म्हणाली, "ह्याला म्हनत्यात व्हय येनं?"

दुसरा पत्ता मला कॉलेजातल्या मैत्रिणीनं दिला. सदाशिव पेठेत केतकर मॅडम गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या आणि रविवारी सकाळी पर्वतीच्या बाजूला एका शाळेच्या मैदानावर कुत्र्यांचा वर्ग. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या फळ्यावरचं समीकरण पुसत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही "अरेरे" म्हटलं नाही.

"कुत्रा कोणाकडे यायला हवा आहे?"

"आबांकडं. माझ्या वडिलांकडं."

"मग आपण का आलात?"

मी म्हटलं, ते घराबाहेर पडत नाहीत. गळ्याचं लोकांना दिसतं म्हणून.

"माझ्या वर्गात लोक कुत्र्यांकडे बघतात. तेवढंच जमत नाही त्यांना, वडिलांकडे कुठे बघतील?" मॅडमनी हात झटकले. "एक रविवार आपण या. पुढच्या रविवारी ते आले नाहीत तर आपणही येऊ नका. आणि बिस्किटं आणू नका. बिस्किटांसाठी कोणी धावत येत नाही, मीसुद्धा नाही. काहीतरी वासाचं आणा."

वासाचं म्हणजे कलेजी. आमच्याकडं मटण व्हायचं, पण फक्त रविवारी, आणि कुत्र्यासाठी शनिवारीच कलेजी घरात आणायला आईनं साफ नकार दिला. शनिवार तिचा उपासाचा. म्हणून मी गच्चीवर जुन्या शेगडीवर ती भाजली आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. ढवळ्या शेगडीभोवती घिरट्या घालत होता. रविवारी त्याला आबांच्या स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागेत उभा करून मी सिंहगड रोडनं निघाले. कान वाऱ्यावर सोडून तो सिग्नलला प्रत्येक माणसाकडं वळून बघत होता.

मॅडमचं पहिलं म्हणणं होतं की "ये" हा शब्द आमच्या घरात वाया गेला आहे. "त्या शब्दाचा अर्थ त्याला नीट कळतो. 'ये' म्हणजे अंघोळ, 'ये' म्हणजे साखळी. तो हुशार आहे, म्हणून येत नाही. नवीन हाक शोधा. आणि त्या हाकेवर तो आला की त्याच्या बाबतीत कधीही काही वाईट होता कामा नये. रागवायचं असेल, बांधायचं असेल, तर आपण उठून त्याच्यापर्यंत जायचं." त्यांनी मला तात्पुरता "इकडं" हा शब्द दिला. शब्द, लगेच तुकडा. पुन्हा शब्द, पुन्हा तुकडा. त्या आठवड्यात मी घरात तेच करत होते. आबा कॉटवरून बघायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी बाल्कनीतून "इकडं" म्हटलं आणि ढवळ्या आबांच्या कॉटखालून उठून, फरशीवर पाय घसरत, माझ्याकडं धावत आला. मी आनंदानं वर पाहिलं. आबांनी पेपर तोंडासमोर धरला होता.

रविवारी सकाळी मी चपला घालत होते तर आबा दारात उभे. पांढरा शर्ट वरच्या बटणापर्यंत लावलेला, त्यावर धुतलेला रुमाल. आईनं तोंड उघडलं, पण त्यांनी तिच्याकडं न बघता माझ्यामागं स्कूटरवर बैठक मारली.

मैदानावर सात-आठ माणसं होती, आपापल्या कुत्र्यांत गुंतलेली. एक लॅब्रेडोर मालकाला ओढत गोल फिरत होता. मॅडमनी आबांना नमस्कार केला आणि खिशातून शिट्टी काढून दिली. "शिट्टीला शब्द लागत नाही. वाजवून बघा." आबांनी शिट्टी ओठात धरली. गाल फुगवले. काहीच झालं नाही. पुन्हा प्रयत्न केला, रुमाल मात्र गळ्यावर फडफडला. तोंडातून हवा येत नसेल तर शिट्टी वाजणार कशी, हे मलाही सुचलं नव्हतं. लॅब्रेडोरवाला थांबून बघायला लागला. आबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि मला वाटलं, आता हे वळणार आणि निघणार.

"माझं चुकलं," मॅडम सरळ म्हणाल्या आणि शिट्टी परत घेतली. "हवा तिथून जात नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. टाळी वाजवली असती, पण टाळ्या इथे सगळेच वाजवतात. दुसरं काय येतं आपल्याला? आवाज होईल असं?"

आबा जरा वेळ मैदानाकडं बघत राहिले. लाल मातीचं होतं ते. मग त्यांनी पाय फाकवून ठेवले, गुडघ्यात किंचित वाकले आणि उजव्या हाताचा खोलगट पंजा मांडीवर असा मारला की फाट्कन आवाज झाला. शड्डू. तरुणपणी ते तालमीत जायचे हे मला माहीत होतं. पण कुस्ती सुटल्याला इतकी वर्षं झाली होती की तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मैदानावरची सगळी कुत्री एकदम वळली. लॅब्रेडोर खाली बसला. ढवळ्या माझ्या हातातला दोर ताणून आबांकडं बघत उभा राहिला, कान टवकारून.

"हे चालेल," मॅडम म्हणाल्या. "फक्त जरा लांब उभे राहा, नाहीतर बाकीच्यांचे कुत्रे आपल्याला द्यावे लागतील." आबांचे खांदे हलले. ते हसत होते. त्यांच्या हसण्याला आता आवाज नसायचा, म्हणून ते खांद्यांकडं बघून ओळखावं लागायचं.

मग घरात शड्डूचे दिवस सुरू झाले. आधी कॉटवर बसून, हलक्या हातानं, आणि लगेच कलेजी. मग हॉलमधून स्वयंपाकघरात, मग जिन्यावर, मग गच्चीवर. त्यानंतर घराशेजारच्या मोकळ्या जागेत, लांब दोर बांधून. मॅडमचा नियम होता की एकदाच मारायचा आणि मग थांबायचं. "चार वेळा मारलात तर तो चौथ्याची वाट बघायला शिकेल." आबांना हे जड गेलं. आयुष्यभर त्यांनी एका हाकेवर दुसरी, दुसरीवर तिसरी चढवली होती. एक शड्डू मारून ते नुसते उभे राहायचे आणि हात मांडीकडं जायला लागला की स्वतःच मुठीत दाबून धरायचे. ढवळ्या कधी लगेच यायचा, कधी शेळ्यांकडं बघत बसायचा. तेव्हा आबा दोर हळूच गोळा करत त्याच्यापर्यंत जायचे आणि पुन्हा जवळून सुरुवात करायचे. एकदा आईनं ढवळ्याला सोफ्यावरून उतरवण्यासाठी स्वतःच्या मांडीवर चापट मारली. आबांनी वाटीवर चमचा असा आपटला की वाटीला पोचा आला. "बरं बरं," आई म्हणाली, "तुमचा शड्डू, तुमच्यापाशी." या सगळ्यात आबा पुन्हा दारात, अंगणात, रस्त्याकडेला दिसायला लागले, आणि हे आमच्यापैकी कोणी बोलून दाखवलं नाही.

ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. आबा आणि मी ढवळ्याला घेऊन मोकळ्या जागेत होतो. सुट्टी होऊन गाड्या परतायची वेळ, रस्ता भरून वाहत होता. टँकर, सिमेंट कालवणारे मोठे मिक्सर, स्कूटर. पलीकडं ओढ्याकाठचं रान होतं आणि तिथं डुकरांची पिल्लं निघाली होती. ढवळ्यानं ती पाहिली आणि झेप घेतली. दोराचं कडं पट्ट्यातून निसटलं. मी बघेपर्यंत तो दोन गाड्यांच्या मधून पलीकडं पोचला होता.

मी किंचाळले, "ढवळ्या! ये! इकडं!" जे आठवलं ते सगळं एकदम. पलीकडच्या कडेला तो थांबला, माझ्याकडं वळला आणि त्यानं एक पाय रस्त्यावर टाकला. डावीकडून मिक्सर येत होता. त्याच क्षणी माझ्या तोंडावर आबांचा हात पडला. घट्ट, दात ओठात रुततील इतका, आणि त्या हाताला कलेजीचा वास होता. मी सुटायची धडपड केली, त्यांनी सोडलं नाही. माझा आवाज थांबला तसा ढवळ्या घुटमळला, मागं वळला आणि पिल्लांमागं रानात शिरला. मिक्सर आमच्या समोरून गेला. पायाखालची जमीन हलली.

आबांनी मला तिथंच उभं राहायची खूण केली आणि ते रस्त्यात उतरले. हात वर केला. एक टँकर करकचून थांबला. एका स्कूटरवाल्यानं "ओ काका, घरी सांगून आलात का?" असं विचारलं. आबा चालत राहिले. वाऱ्यानं की घाईनं, त्यांचा रुमाल सुटून पाठीवर गेला होता आणि गळ्याचं भोक उघडं पडलं होतं. थांबलेल्या सगळ्यांना ते दिसत होतं. त्यांनी तिकडं हात नेला नाही.

पलीकडं गेल्यावर ते कडेला थांबले नाहीत. चांगले आत, रानाच्या मध्यापर्यंत गेले, रस्त्याकडं पाठ करून उभे राहिले. ढवळ्या लांब ओढ्याच्या काठावर एका पांढऱ्या ठिपक्याएवढा दिसत होता. आबा वाकले. हात मांडीवर पडलेला मी पाहिला, आवाज मला गाड्यांमुळं ऐकूच आला नाही. ढवळ्यानं डोकं वर केलं. पिल्लांकडं पाहिलं. आबांकडं पाहिलं. पुन्हा पिल्लांकडं. मी मनात म्हणत होते, आबा, अजून एकदा मारा, एकदाच. ते हलले नाहीत. आणि मग तो पांढरा ठिपका मोठा व्हायला लागला. कान मागं, जीभ बाहेर, चारी पाय जमिनीवरून सुटलेले. वेग आवरला नाही, तो सरळ आबांच्या गुडघ्यांवर आदळला. आबा मातीत बसले, एका हातानं पट्टा धरला आणि खिशातली सगळी कलेजी त्याच्यापुढं ओतली.

हा प्रसंग मी पुढं अनेकांना सांगितला. लोक कुत्र्याचं कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. पण मला आधी माझ्या तोंडावरचा तो हात आठवतो. ढवळ्या माझ्या हाकेला आला असता. म्हणूनच हाक थांबवायला हवी होती, आणि आम्हा दोघांत हे ज्याला कळलं त्याला आवाज नव्हता.

परत येताना वानखेडे तिथं होते. ऑफिसातून येत होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी आपली स्कूटर रस्त्यात आडवी लावली आणि गाड्यांना हात दाखवत उभे राहिले. "या काका, आरामात या," ते ओरडत होते. ढवळ्याला दोन्ही हातांनी छातीशी उचलून आबा रस्ता ओलांडून आले. तो चांगलाच जड होता. मळ्यावर पाठवायचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. वानखेड्यांची मुलगी पुढं आमच्या अंगणात येऊन ढवळ्याला तुकडे द्यायची, आबांच्या हातावर हात ठेवून.

पुढच्या रविवारी मला भांड्यांच्या आवाजानं जाग आली तेव्हा ऊन खोलीत आलं होतं. वर्गाची वेळ केव्हाच झाली होती. मी धावत बाहेर आले तर अंगणात स्कूटर नव्हती. आई भाकऱ्या थापत होती.

"आबा कुठं आहेत?"

"गेले की वर्गाला. कलेजी बी सोताच भाजली."

"एकटे?"

"ढवळ्या हाय की."

"मला उठवायचं ना! तिथं त्यांचं बोलणं कोणाला कळणार?"

"म्या इचारलं, उठवू का तिला. नको म्हनले." आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "न्हाय कळलं तर लोक पुन्यांदा इचारतील. जा, तोंड धू."

मी जाऊन तोंड धुतलं. ऑपरेशनपासून स्कूटरची चावी माझ्याकडं असायची. त्या दिवसापासून ती आबांच्या शर्टाच्या खिशात गेली, आणि रविवारी मला कुठं जायचं असलं की मी बसनं जायला लागले.